डावा पीळ

बारावीला मी नापास झाले तेव्हा घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. भांडायला मी तयार होते, उत्तरंसुद्धा पाठ करून ठेवली होती. पण बाबा अंगणात बसून जाळ्याचं भोक शिवत राहिले आणि आय टोपलीत सुके बोंबील रचत राहिली. बोंबील रचता रचता तिनं एवढंच विचारलं, "आता काय करशील, बाय?" बाबांची स्वतःची बोट तोवर विकली गेली होती, ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होते आणि डहाणूच्या खाडीकाठच्या आमच्या घरात कुणी कुणाला मोठ्यानं बोलायचंच सोडून दिलं होतं. राग येणारी मी एकटी उरले होते. त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा. शेजारणीच्या रेडिओचा यायचा, वाळत घातलेल्या मासळीवर बसणाऱ्या कावळ्यांचा यायचा, पास झालेल्या मैत्रिणींनी मोबाईलवर टाकलेल्या कॉलेजच्या फोटोंचा तर यायचाच यायचा.

आय सुकी मासळी घेऊन सायवनच्या आठवडी बाजाराला जायची. पहाटेची एसटी, मागच्या सीटवर दोन टोपल्या, कंडक्टरची दर खेपेची कुरकुर आणि आयचं दर खेपेचं तेच उत्तर, "तुज्या घरात मासली शिजत नाय काय रे?" त्या बाजारात तिला कळलं की कुठल्याशा संस्थेनं तिथल्या समाजमंदिरात मुलींना सूत कातायला शिकवायचं ठरवलं आहे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत शिकायचं, आणि ज्या परीक्षेला उतरतील त्यांना एकेक पेटीचरखा घरी न्यायला मिळणार. आयनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी घरभर थयथयाट केला. सूत? माझ्या वर्गातल्या मुली कॉम्प्युटर शिकताहेत आणि मी टकळी फिरवायची? आय म्हणाली, "बसून र्‍हातेस त्यापेक्षा हाताला कायतरी वळण लागंल." त्या वळणाबद्दल पुढे काय काय झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं आणि हसता हसता दातओठ खावेसे वाटतात.

समाजमंदिराला वर सिमेंटचे पत्रे होते. पाऊस आला की शिकवणाऱ्या बाईंचा आवाज बुडून जायचा आणि मग फक्त त्यांचे हात दिसायचे. कुंदाताई त्यांचं नाव. त्या शहरातून आल्या होत्या, सुती साडी, आखूड केस, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांच्या हाताबद्दल मी वाईट बोलणार नाही. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी वळी, ती त्या डाव्या हातात धरायच्या, उजव्या हाताच्या चिमटीनं टकळीच्या काडीला एक झटका द्यायच्या, आणि टकळी नारळाच्या करवंटीत उभी राहून गरगर फिरायला लागायची. डावा हात वर वर जायचा आणि कापसातून धागा असा निघायचा की जणू तो आत आधीपासूनच गुंडाळून ठेवलेला होता. आम्ही वीसेक मुली त्यांच्या समोर ओळीनं बसून ते बघायचो. मग आमच्या टकळ्या सुरू व्हायच्या आणि लगेच आडव्या पडायच्या. फरशीवर टकळी पडल्याचा तो खणखण आवाज दिवसभर चालायचा. धागा तुटायचा, जोडला की सुतळीएवढा जाड व्हायचा, पुढे केसासारखा बारीक होऊन पुन्हा तुटायचा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा टकळी भिंतीवर फेकून मारली. दुसऱ्यांदा तिची काडी वाकली आणि ती मलाच दगडानं ठोकून सरळ करावी लागली.

पहिल्याच दिवशी कुंदाताई माझ्याजवळ येऊन वाकल्या आणि थांबल्या. नाकाला पदर लावला नाही, तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. पण म्हणाल्या, "दर्शना, कातायला बसण्याआधी साबणानं हात धुवायचे. सुताला वास लागतो, रंगही धरतो." वीस मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी पहाटे आयबरोबर टोपल्या चढवल्या होत्या, हाताला बोंबलांचा वास असणारच. त्यानंतर मी मुद्दाम आठ दिवस हात धुतले नाहीत. माझं सूत किंचित पिवळट व्हायचं, आणि कुणाची गुंडी, म्हणजे सुताची लडी, कुठली हे ओळखायची वेळ आली की माझी आधी ओळखू यायची.

माझ्या शेजारी वनिता बसायची. सायवनच्याच एका पाड्यावरची, माझ्यापेक्षा वर्षानं लहान, यंदा बारावीला बाहेरून बसणारी. तिला माझ्या हाताचा वास आवडायचा. खोटं नाही सांगत, ती म्हणायची, "तुझ्याजवळ बसलं का भूक लागते." दुपारी ती नागलीची भाकर आणि हिरव्या मिरचीचं वाटण आणायची, मी सुकटीची चटणी आणायचे, आणि आम्ही भाकर मध्ये ठेवून दोन्ही संपवायचो. ती कमी बोलायची. कातायची मात्र फार सुंदर. कोळीकिड्याच्या जाळ्यासारखा बारीक आणि सलग धागा, तोही कुठे घाई न करता. कुंदाताईंचं तिच्याकडे फारसं लक्ष नसायचं, कारण ती काही विचारायची नाही. जी पोर विचारत नाही तिला काही येत नाही, असा मास्तर लोकांचा एक ठाम समज असतो. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा पहिल्यांदा तो समज मोडला, पण ते वेगळं.

वनिताला चरखा का हवा होता ते तिनं एकदाच सांगितलं. दिवाळी झाली की तिच्या घरची सगळी माणसं वीटभट्टीवर जायची, वसईकडे, ती थेट पाऊस तोंडावर आला की परतायची. आधीची दोन वर्षं ती कशीबशी आजीजवळ राहून शिकली होती, यंदा बापानं नाही म्हटलं होतं. मग तिनं घरात चरख्याची गोष्ट काढली. बाप म्हणाला, चरखा घरात आला तर राहा, घरी बसून हाताला काम होईल, पेपरही देशील. नाही आला तर आमच्याबरोबर चल. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती टकळीवरचा धागा गुंडाळत होती आणि तिनं मान वर केली नव्हती. मला तर चरखा नकोच होता. मला फक्त नापास झालेल्या मुलीला काहीतरी मिळालं हे चार लोकांना दाखवायचं होतं.

शेवटची परीक्षा अशी होती की शेजारशेजारच्या दोघींनी आपलं सूत एकत्र करून त्याचा दुपदरी धागा करायचा. तो खिळ्याला बांधून त्याला पाण्यानं भरलेली बाटली लटकवायची. दोन्ही पदर न सुटता बाटली टांगलेली राहिली तर उतरलात. कुंदाताईंनी सांगितलं, "कातताना टकळी उजवीकडे फिरते. दुपदरी करताना मात्र डावीकडे फिरवायची, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून बसतात." इतक्या दिवसांच्या सवयीमुळे सगळ्या मुलींचे हात अडखळायला लागले. मला ते काहीच अवघड गेलं नाही. वनितानं दोन्ही धागे एकत्र धरून सोडायचे आणि मी टकळी फिरवायची असं आम्ही ठरवलं, आणि माझा हात पहिल्या झटक्यालाच डावीकडे गेला. कुंदाताई टाळी वाजवून म्हणाल्या, "बघा गं, दर्शनाचा हात कसा सहज फिरतो!" अख्ख्या चार महिन्यांत मला मिळालेलं ते पहिलं कौतुक. मी ते गपकन गिळलं. एवढी पुढे पुढे करणारी मी, पण हात इतका सहज का फिरतो हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. वनिता धागे सोडता सोडता माझ्या हाताकडे बघत होती, ते मात्र आठवतं.

धागा विचित्रच झाला. माझा जाडसर पिवळट पदर आवळून तारेसारखा कडक झाला, जागोजागी त्याला गाठीसारखे वळसे पडले. वनिताचा पांढरा बारीक पदर त्याच्या भोवती फुगल्यासारखा सैल झाला. बाटली लटकवली, दोन क्षण राहिली, आणि वनिताचा पदर कापसासारखा निसटत सुटून गेला. माझा पदर तेवढा ताणून राहिला, बाटली त्याला लोंबत राहिली. कुंदाताईंनी चष्मा लावला, सुटलेलं टोक बोटात चोळून पाहिलं आणि सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "हे असं होतं. बारीक काढायच्या नादात हिनं पीळच दिला नाही." मग वनिताकडे न बघता, हसत हसत, जणू काही प्रेमानंच, "तुम्हा पाड्यावरच्या मुलींचं सगळं असंच सैल गं. कामात पीळ नको का?" दोन-तीन मुलीही हसल्या. त्याही पाड्यावरच्याच होत्या. माझ्याबद्दल निकाल झाला की माझा धागा तुटला नाही, त्यामुळे माझी चूक नाही. चरख्याच्या यादीत माझं नाव आलं, वनिताचं नाही. बाटलीतलं पाणी तिनं दारातल्या तुळशीला घातलं आणि ती घरी गेली.

मला त्या 'तुम्हा पाड्यावरच्या' शब्दांची अशी चीड आली की एसटीत मी आयवरच ओरडले. बोंबलाचा वास आणि सैल काम, दोन्ही एकाच तोंडातून आलेलं. पण चीड येणं सोपं असतं, त्यात मला कुठे काय करायचं होतं? माझं नाव यादीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओहोटी होती. बाबा खलाशी होते त्या बोटीच्या नांगराला दोर हवा होता आणि विकतचा आणण्यापेक्षा फाटक्या जाळ्याचे नायलॉनचे धागे वळून घ्यायची त्यांची जुनी सवय होती. आमच्याकडे हे काम दोघांनी करायचं. बाबा एकेक पदर मांडीवर घासून उजवा पीळ देऊन ठेवायचे, मग सगळ्या पदरांचं एक टोक ते धरायचे आणि दुसरं टोक माझ्याकडे. मी काडी अडकवून ते डावीकडे वळायचे, म्हणजे पदर एकमेकांत घट्ट बसून दोर तयार व्हायचा. सहा वर्षांची असल्यापासून दोराचं हे शेवटचं वळण माझं. सुरुवातीचा पीळ कधी माझ्याकडे आलाच नाही, तो बाबांचा. त्या दुपारी मी वळायला लागले आणि एक पदर आवळून कडक व्हायला लागला, बाकीचे फुगून बाहेर यायला लागले. बाबा वैतागले. "थांब, थांब. ह्यो एक चुकून उलटा पिळलाय मी. असा एक जरी पदर आला ना, तर एक आवळतो नि दुसरा सुटतो." त्यांनी तो पदर ओढून काढला आणि पुन्हा मांडीवर घासायला घेतला. मी काडी हातात धरून तशीच उभी राहिले. माझा उजवा हात अजून डावीकडेच फिरत होता.

घरात जाऊन मी माझी उरलेली गुंडी काढली आणि दिवाळीसाठी आणलेल्या एका साध्या दोऱ्याशेजारी धरून पीळ उलगडून पाहिला. मग टकळी घेऊन डोळे मिटून एक झटका दिला आणि डोळे उघडून पाहिलं. डावीकडे. पहिल्या दिवसापासून मी डावीकडे कातत होते. एकेरी धाग्याला त्यानं काही फरक पडत नाही, डावा काय नि उजवा काय, सूत सूतच दिसतं. कुंदाताई समोर तोंड करून बसायच्या, धागा बघायच्या, टकळी कशी फिरते हे बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कुणाच्या ध्यानात येणार? असा उलटा हात फक्त दोर वळणाऱ्याच्या घरातच तयार होतो. वनिताच्या धाग्याला पीळ होता, चांगला उजवा पीळ होता. तो मी डावीकडे फिरवून फिरवून काढून टाकला, आणि वर शाबासकी घेतली.

चरखे वाटायचा कार्यक्रम त्याच्या दुसऱ्या दिवशी होता. मी पहिल्या एसटीनं गेले. समाजमंदिरात खुर्च्या लावणं चाललं होतं, कुंदाताई रांगोळीजवळ उभ्या होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, टकळी फिरवून दाखवली, त्या तुटलेल्या दुपदरी धाग्याची गुंडी पुढे केली. त्यांना एका क्षणात कळलं. एवढ्या जाणत्या बाई होत्या त्या. त्यांनी माझा पदर उलगडून पाहिला, वनिताचा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता या वनिताला बोलावणं धाडतील. त्या म्हणाल्या, "नावं वर गेली आहेत गं. पाहुणे अर्ध्या वाटेत आहेत. पुढच्या तुकडीत तिला नक्की घेऊ." मी म्हणाले, "पुढच्या तुकडीपर्यंत ती विटा थापत असेल, ताई. चूक तिची नव्हती." तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "मग तुझं नाव काढून तिचं घालू? चालेल तुला?"

इतकी तोंडाळ मी. कंडक्टरशी भांडणारी, टकळ्या फेकणारी, दोन दिवस सगळ्या जगावर चिडून बसलेली. त्या प्रश्नावर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आय दुपारी यायची होती, तिनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं. मी रांगोळीकडे बघत राहिले. कुंदाताईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या खुर्च्या मोजायला गेल्या. तो खांदा मी कितीतरी दिवस कुणाला हात लावू दिला नाही. त्यांना सुटका हवी होती आणि ती मी करून दिली.

कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी श्रमाचं मोल वगैरे सांगितलं. माझं नाव पुकारलं, मला गुलाबाची फुलं आणि लाकडी पेटीतला चरखा मिळाला, फोटो निघाला. वनिता मागच्या रांगेत आजीजवळ बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. जोरात नाही, बाकीच्या वाजवत होत्या तेवढ्याच. मला मात्र ती टाळी सगळ्यांतून वेगळी ऐकू येत होती. स्टेजवरून उतरले ती मी सरळ तिला हातपंपाजवळ घेऊन गेले. पेटी तिच्यापुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: डावा हात, बाबांचा दोर, तिचा सुटलेला पदर.

तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, "मना म्हाईत होतं. तुझी टकळी पयल्या दिसापासून उलटी फिरत होती."

मी ओरडलेच. "मग बोलली का नाहीस?"

"मना वाटलं, दर्यावरच्या लोकांची तशीच रीत असंल. कोनाच्या रीतीला कशाला नावं ठेवायची?"

"आणि बाईंना? सगळ्यांसमोर तुला सैल म्हणाल्या, तेव्हा?"

"बाईंनी इचारलं कुठं?" वनिता म्हणाली. "त्यांनी सांगितलं नुसतं."

मग तिनं माझ्या हातातल्या फुलांकडे पाहिलं. "तू बाईंना कधी सांगितलंस?"

"सकाळी," मी म्हणाले.

"म्हंजे फुलं घेतलीस त्याच्या आधी."

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंही नाही. तिनं वाकून पेटी उचलली, डोक्यावर घेतली, एका हातानं तोल सांभाळला आणि आजीला हाक मारून पाड्याच्या वाटेला लागली. ती मला वाईट बोलली नाही आणि चांगलंही बोलली नाही. त्या दिवाळीनंतर तिच्या घरची माणसं भट्टीवर गेली आणि ती मागे राहिली, हे आयनं बाजारात ऐकून मला सांगितलं. पेपरही तिनं दिले. तिनं कातलेल्या गुंड्यांवर संस्थेच्या सूतखरेदी केंद्रात चिठ्ठी लागायची ती माझ्या नावाची, कारण चरखा माझ्या नावावर होता. कुंदाताई ते उजव्या पिळाचं बारीक सूत हातात घेऊन बघायच्या, ओळखायच्या आणि चिठ्ठी तशीच राहू द्यायच्या. ती चिठ्ठी बदलून घ्यायला मला आणखी एक वर्ष आणि दोन मोठी भांडणं लागली. ती भांडणं मी केली, आणि पुन्हा करीन.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले. परतीच्या एसटीत आय विचारत होती, चरखा कुठाय, दिलास कुणाला, काय झालं, आणि मी खिडकीकडे तोंड करून धुमसत होते. तो राग कुंदाताईंवर नव्हता, पाहुण्यांवर नव्हता, माझ्यावरही नव्हता. मला वनिताचा राग आला होता. इतकं केलं मी हिच्यासाठी, आणि हिनं साधे आभार मानले नाहीत. अगदी याच शब्दांत माझ्या मनात आलं होतं. आयुष्यात मी पुष्कळ चिडले आहे, त्यातल्या एकाही रागाबद्दल कुणाची माफी मागावी असं मला वाटत नाही. या एकाबद्दल वाटतं.